राजापूर लोकसभा मतदारसंघातून कोण कोण निवडून आले?

कोकणातील हा मतदारसंघ 1957 पासून तीन दशकांहून अधिक काळ समाजवाद्यांकडे राहिला. 1957, 1962 आणि 1967 मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै विजयी झाले. जानेवारी 1971 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्याच वर्षीच्या निवडणुकीपासून 1989 पर्यंत मधु दंडवते सलग पाच वेळा निवडून आले. त्यांतील 1984 चा विजय मला विशेष वाटतो, कारण इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेतही त्यांनी ही जागा राखली. 1991 मध्ये मात्र काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले. पुढे 1996 ते 2004 या चारही निवडणुकांत शिवसेनेचे सुरेश प्रभू विजयी झाले. 2008 च्या पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघ रद्द होऊन रत्नागिरी–सिंधुदुर्ग मतदारसंघ अस्तित्वात आला.