एमपीएससीत गेलेली सहा वर्षं रिझ्युमेत कुठे लिहू?

माझी समुपदेशनाची प्रॅक्टिस पुण्यात नवी पेठेच्या बाजूला आहे, म्हणजे अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि खांद्याला सॅक अडकवून चालणारी मुलं यांच्या अगदी मधोमध. त्यामुळे मला जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो तो हाच, की मॅडम परीक्षेत इतकी वर्षं गेली, आता प्रायव्हेट नोकरी शोधतोय तर हा गॅप कसा लपवायचा. बऱ्याच जणांनी मेसेज करूनही विचारलंय म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

मुलगा उदगीरकडचा, वय २९. २०१८ ला बीई मेकॅनिकल, मग भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ११ महिने क्वालिटी इन्स्पेक्शनला, आणि २०१९ मध्ये ते सोडून राज्यसेवेच्या तयारीला सदाशिव पेठेत. माझ्याकडे तो नोकरीसाठी आलाच नव्हता. झोप येत नाही, जेवण जात नाही, आईचा फोन आला की छातीत धडधड होते, असं सांगत आला होता. आई फक्त "काय करलालास बाळा, जेवलास का" एवढंच विचारायची, पण त्याला त्यात "काय झालं तुझ्या परीक्षेचं" असंच ऐकू यायचं. चुलत बहिणीच्या लग्नालाही गेला नव्हता कारण तिथे सगळे "साहेब कधी होणार" विचारतात.

दुसऱ्या भेटीत तो म्हणाला की चार महिन्यांत नोकरी डॉट कॉमवर दीडशेच्या आसपास ठिकाणी अप्लाय केलंय आणि एकही फोन नाही. मी म्हणलं रिझ्युमे दाखव. मोबाईलवरच उघडला त्याने. दोन रंगीत कॉलम, कोपऱ्यात पासपोर्ट फोटो, वरती करिअर ऑब्जेक्टिव्ह म्हणून तेच ते पाठ केलेलं चॅलेंजिंग पोझिशनचं वाक्य, खाली वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंदात क्रिकेट आणि गाणी ऐकणे, कम्युनिकेशन स्किल ८० टक्के भरलेली पट्टी, आणि शेवटी "वरील माहिती खरी आहे" असं डिक्लेरेशन. २०१९ ते २०२५ च्या जागी एकच शब्द, फ्रीलान्सिंग. कसलं फ्रीलान्सिंग विचारलं तर मान खाली घातली.

आणि ईमेल आयडी. 'फ्यूचर डेप्युटी कलेक्टर' आणि पुढे जन्मसाल. २०१९ मध्ये पुण्यात आल्या आल्या काढलेला.

मी तेव्हा ईमेलबद्दल एक अक्षर बोलले नाही, कारण ते रिझ्युमेचं काम नव्हतं, ते वेगळंच काम होतं आणि त्याला वेळ लागणार हे दिसत होतं.

रिझ्युमेच्या बाबतीत मी स्वतः तज्ज्ञ नाही. माझी एक मैत्रीण चाकणच्या ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांसाठी पंधरा-एक वर्षं रिक्रूटमेंट करतेय, तिला मी नाव न सांगता तो कागद दाखवला. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते कारण ते ऐकून माझेही बरेच गैरसमज गेले. ती म्हणाली, अगं आम्ही आलेले सगळे अर्ज एकेक करून वाचतच नाही. पोर्टलवर आम्ही शोध टाकतो, म्हणजे इन्स्पेक्शन, व्हर्नियर, स्टोअर्स, एक्सेल, चाकण, असे शब्द टाकले की ज्यांच्या प्रोफाइलमध्ये ते शब्द आहेत ते वर येतात, मग अनुभव किती, नोटीस पिरियड किती, पगार किती हवाय याच्या चाळण्या लावतो, आणि जे लोक अलीकडे पोर्टलवर आलेले आहेत तेच आधी बघतो कारण सहा महिने लॉगिन न केलेल्या माणसाला फोन करून उपयोग नसतो. या मुलाच्या कागदावर हार्ड वर्किंग आणि टीम प्लेअर आहे, ते शोधात कोण टाकणार? ११ महिने तो नक्की काय मोजत होता ते कुठेच नाही. आणि ते दोन कॉलमचं रंगीत डिझाईन, मोठ्या कंपन्यांमध्ये अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्यात डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळते आणि पट्ट्या तर वाचताच येत नाहीत. साधी एका कॉलमची फाईल, फोटो नाही, वडिलांचं नाव नाही, लग्न झालंय का नाही ते नाही, एक पान, आणि फाईलला स्वतःचं नाव. त्याच्या फाईलचं नाव रिझ्युमे फायनल तीन होतं.

मग मी गॅपचं विचारलं. मला वाटलं होतं ती म्हणेल सहा वर्षं म्हणजे अवघड आहे. ती म्हणाली अवघड आहेच, पण महाराष्ट्रात रिक्रूटमेंट करणाऱ्या माणसाला एमपीएससीचा गॅप नवीन नाही, आमच्या प्रत्येकाच्या घरात एक तरी असा आहे. आम्हाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात, पहिली म्हणजे परीक्षेची पुढची जाहिरात आली की हा पळून जाणार का, आणि दुसरी म्हणजे हाताला काही काम राहिलंय का गंज चढलाय. फ्रीलान्सिंग लिहिलं की या दोन्हींचं उत्तर मिळत नाही, उलट तिसरा प्रश्न तयार होतो की हा खोटं का बोलतोय.

हे सगळं मी त्याला सांगितलं त्या दिवशी तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने जे सांगितलं ते मला आधी कळायला हवं होतं. एका कन्सल्टन्सीवाल्याला त्याने ५,००० रुपये ॲडव्हान्स दिले होते. एकूण २५,००० मध्ये पाच वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर, सॅलरी स्लिपा, सगळं तयार करून मिळणार होतं. मित्रांपैकी दोघांनी केलंय म्हणाला.

इथे मी जरा कडक झाले, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला तितक्याच कळकळीने सांगते की हे करू नका. नैतिकतेचं नंतर बघू, आधी ते पकडलं कसं जातं ते समजून घ्या. जिथे पीएफ कापला जातो तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याचा एक यूएएन नंबर असतो, २०१४ पासून, आणि नोकऱ्या बदलल्या तरी नंबर तोच राहतो. त्यात कुठल्या कंपनीत कधी लागला आणि कधी सोडलं याची नोंद असते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे उमेदवाराने दिलेली माहिती पडताळून बघण्याचं काम करणारे आता ही सर्व्हिस हिस्ट्री मागतात. लेटरवर पाच वर्षं आणि पीएफमध्ये शून्य, मग काय सांगणार? आणि हे जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी उघड झालं तर नोकरी जातेच, आणि मग त्या सहा वर्षांच्या गॅपशेजारी एक काढून टाकल्याची नोंद येऊन बसते. नोकरी लावून देतो म्हणून रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे, डिपॉझिटचे पैसे मागणारे तर सरळ सोडून द्या, खरी कंपनी नोकरी देताना पैसे घेत नाही. त्याचे ५,००० बुडाले. त्याचं त्याला फार लागलं कारण ते वडिलांनी मेससाठी पाठवलेले होते.

पण त्यातून एक चांगलं निघालं. भोसरीच्या ११ महिन्यांचा त्याचा स्वतःचा खरा यूएएन होता, तो त्याने कधी उघडूनच बघितला नव्हता. माझ्यासमोर सरकारच्या उमंग ॲपवर उघडला तर नोकरी दिसत होती, पण सोडल्याची तारीख कंपनीने भरलीच नव्हती, म्हणजे कागदोपत्री तो अजून तिथेच. सोडून दोन महिने झालेले असतील तर ही तारीख आपली आपल्याला पीएफच्या पोर्टलवर भरता येते, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. त्याने ती भरली. तुमची पहिली नोकरी अशीच अर्धवट सोडलेली असेल तर हे आधी बघून घ्या, नवीन कंपनीत ऐनवेळी अडतं.

आता हाताला काम राहिलंय का हा प्रश्न. मी विचारलं, सहा वर्षं फक्त वाचत होतास का रे? हो म्हणाला. मग दिवस कसा जायचा ते सांग म्हणलं, सकाळपासून. तर सांगता सांगता निघालं की २०२२ पासून तो ज्या अभ्यासिकेत बसायचा तिथलं टेबल तोच सांभाळायचा, त्या बदल्यात त्याची फी माफ होती. १२० खुर्च्या, दोन शिफ्ट, कोणाची फी कधी संपते, कोण सोडून गेलं, कोण वेटिंगला आहे, हे सगळं त्याने वहीतून एक्सेलवर आणलं होतं. लाईट बिल, इन्व्हर्टरवाला, पाण्याचे जार, खुर्चीवरून होणारी भांडणं, महिन्याच्या शेवटी मालकाला हिशोब. तीन वर्षं.

मी म्हणलं हे रिझ्युमेत का नाही? तर म्हणे, ते काय काम आहे का मॅडम, मी तर अभ्यास करत होतो.

माझ्या दृष्टीने त्याचा खरा गॅप इथे होता. परीक्षा पास झाली नाही म्हणजे त्या सहा वर्षांतलं सगळंच वाया, असं त्याने मनात धरलं होतं, त्यामुळे जे केलं तेही त्याला दिसत नव्हतं. पुढच्या तीन-चार भेटी आम्ही यावरच बोललो, रिझ्युमे बाजूलाच होता. किती रागावलाय स्वतःवर, कोणाची लाज वाटते, २०२० ची पूर्व परीक्षा ५ एप्रिलची ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली तेव्हा खोलीत एकट्याने काय काय सोसलं, हे तो पहिल्यांदा कोणाशी तरी बोलत होता. रडला. त्यानंतर, जिच्या लग्नाला गेला नव्हता त्या चुलत बहिणीला त्याने एकदा स्वतःहून फोन केला.

मग आम्ही कागदावर आलो. भोसरीच्या नोकरीखाली तीन ओळी, कुठले पार्ट, कशाने मोजायचो, रिजेक्शनची नोंद कशी ठेवायचो. त्यावर अभ्यासिका, पद व्यवस्थापन सहायक, अर्धवेळ, १२० जागा, फी आणि हिशोब एक्सेलमध्ये. मालकाने लेटरहेडवर दोन ओळी आणि फोन नंबर दिला, अगदी आनंदाने दिला. आणि परीक्षेची एक सरळ ओळ, २०१९ ते २०२५ राज्यसेवा परीक्षेची तयारी, मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा. एवढंच. माझ्या मैत्रिणीने बजावलं होतं की परीक्षेने मला शिस्त शिकवली हे लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. शिस्त त्या एक्सेलमधून दिसू दे.

राहिला पळून जाण्याचा प्रश्न, आणि इथे त्याने मला विचारलं, खोटं सांगू का की परीक्षा पूर्ण सोडली? खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत वय आहे, मनात येणारच. मी म्हणलं आधी मला खरं सांग. दोन आठवडे घेतले त्याने. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, १,७५० मार्कांचं लेखी, आणि त्याची सगळी तयारी पर्यायवाल्या प्रश्नांची. नव्याने सुरू करायचं तर आणखी किमान दोन-तीन वर्षं लागणार आणि तेवढी ताकद आपल्यात नाही, घरचीही नाही, हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला. मग इंटरव्ह्यूत हेच सांग म्हणलं, कारण यात तारीख आहे, कारण आहे आणि हे तुझं आहे. मैत्रीण म्हणाली होती तेही लक्षात होतं, आम्हाला कोणी संन्यास घ्यायला नकोय, दोन वर्षं टिकेल एवढी खात्री हवी.

ईमेल आयडी मात्र तो बदलेना. दर वेळी विसरलो म्हणायचा. मी आठवण करायची थांबवली. सव्वा महिन्याने एका रात्री मला एका नव्या आयडीवरून मेल आला, फक्त नाव आणि आडनाव असलेला, आत काही लिहिलेलं नव्हतं, नुसता रिझ्युमे जोडलेला. मी उत्तरात लिहिलं, मिळाला, छान झालाय. आणि हेही लिहिलं की जुना आयडी डिलीट करायची काही गरज नाही.

पुढचं पटकन सांगते. पोर्टलवर त्याने हेडलाईन बदलली, क्वालिटी आणि स्टोअर्स, ताबडतोब जॉइन होऊ शकतो. हे शेवटचं त्याला कमीपणाचं वाटत होतं, पण नोकरीतल्या माणसाला बऱ्याचदा ६० नाहीतर ९० दिवसांचा नोटीस पिरियड असतो आणि कंपनीला माणूस सोमवारी हवा असतो, तिथे हीच त्याची जमेची बाजू. दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करायचा. दीडशे अर्जांऐवजी महिन्यात पंचवीसेक, प्रत्येक ठिकाणच्या जाहिरातीतले शब्द बघून. चार फोन आले, दोन इंटरव्ह्यू झाले. पहिल्यात सहा वर्षांचं विचारल्यावर आवाज अडकला आणि तो बाहेर आला. दुसरा चाकणला एका वेअरहाऊसमध्ये. तिथल्या मॅनेजरने अभ्यासिकेवरच वीस मिनिटं घेतली, वेटिंग लिस्ट कशी ठेवायचास, पैसे कमी भरले तर काय करायचास.

स्टोअर्स आणि डिस्पॅचला लागला, महिना २४,०००. त्याच्या बॅचचे लोक दुप्पट-तिप्पट घेतात आणि हे त्याला टोचतं, अजूनही टोचतं, त्यावर आम्ही अजून बोलतो. झोप बरीच सुधारलीय, पूर्ण नाही.

मागच्या महिन्यात त्याने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्या पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीचा. भोसरीची नोंद, तिच्यासमोर त्याने स्वतः भरलेली २०१९ ची तारीख, आणि सोबत चाकणची नवीन नोंद. सोबत लिहिलं होतं, मॅडम, आईला पण पाठवलाय, तिला यातलं काही कळलं नाही पण तिने वडिलांना दाखवला.