डोंगर झिजतात, मग पृथ्वी सपाट का होत नाही?

प्रश्न : ऊन, वारा, पाऊस डोंगरांना सतत झिजवतात. मग कोट्यवधी वर्षांत पृथ्वी सपाट कशी झाली नाही?

उत्तर : शंका रास्त आहे. नुसती झीजच चालू असती, तर पर्वत केव्हाच भुईसपाट झाले असते. पण खालून भरपाईही होत असते. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेमुळे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे, सरकतात, एकमेकांना रेटतात. भारताचा भूपट्ट सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि मधल्या समुद्रतळाचा गाळ वळ्या पडत हिमालयाच्या रूपानं वर आला. माझ्याकडे हिमालयातल्या स्पीतीच्या काळ्या खडकातला एक अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या शंखधारी जीवाचा जीवाश्म, आहे. भिंगाखाली धरला की त्याच्या वेटोळ्यावरच्या बारीक बरगड्या एकेक मोजता येतात. समुद्रात पोहणारा हा जीव आज हिमालयात सापडतो! एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रातच तयार झालेला.

झीजही तितकीच जोमदार. भेगेतल्या पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि खडक फुटतो. पुढचं काम हिमनद्या आणि नद्या करतात. हिमालयाचा गाळ बंगालच्या उपसागराच्या तळाशी कित्येक किलोमीटर जाड साचला आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की वरचं ओझं घटलं की खालच्या थरावर जणू तरंगणारं पृथ्वीचं कवच, माल उतरवलेल्या होडीसारखं, वर उचललं जातं. म्हणजे झीजच पर्वताला वर यायला हातभार लावते. रेटा थांबला, की मात्र झीज वरचढ ठरते. उत्तर अमेरिकेतले अ‍ॅपलेशियन पर्वत एकेकाळी खूप उंच होते. आज त्यांचं सर्वोच्च शिखर, माउंट मिचेल, जेमतेम २,०३७ मीटर आहे.