वय झालं की पाणी पिताना ठसका लागणं नॉर्मल आहे का?

तुम्ही लिहिलंय की आई ७६ वर्षांच्या आहेत, तब्येत ठणठणीत, जेवण नीट जातं, पण हल्ली पाणी पिताना मध्येच ठसका लागतो. तो अधूनमधूनच लागत असेल आणि वजन टिकून असेल, तर बहुतेक वेळा हा वयाचाच भाग असतो.

कंठावर दोन बोटं ठेवून आवंढा गिळून बघा. स्वरयंत्र वर जाऊन खाली येतं. ते वर आणि किंचित पुढे सरकतं तेव्हाच श्वासनलिका झाकली जाते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. सगळा खेळ जेमतेम सेकंदाचा. उतारवयात ही हालचाल सुरू व्हायला थोडा उशीर होतो आणि घशातली जाणीवही बोथट होते. चावलेला घास जिभेवर थांबतो. पाणी मात्र थांबत नाही, श्वासनलिका झाकायच्या आत घशात उतरतं.

जिभेचा जोरही वयानुसार कमी होतो. रोजच्या गिळण्याला पूर्ण जोर लागत नाही, म्हणून एरवी ते कळत नाही. पण शिल्लक ताकद कमी असल्यामुळे ताप, जुलाब किंवा ऑपरेशननंतरच्या अशक्तपणात तीच व्यक्ती एकदम ठसकायला लागते. त्या दिवसांत जास्त जपा.

आता सवयी. आई भांडं तोंडाला न लावता वरून पाणी पितात का? ते आधी बंद करा. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी राहते आणि पाण्याच्या धारेवर जिभेचा ताबा उरत नाही. उंच, अरुंद पेल्यातला शेवटचा घोट घेतानाही मान मागे जातेच. रुंद तोंडाचं फुलपात्र द्या. ताठ बसून, हनुवटी सरळ ठेवून, एका वेळी एकच छोटा घोट, आणि तो गिळून झाल्यावरच पुढचा.

पातळ आणि घट्ट एकत्र असलेलं खाणं सर्वांत फसवं. दूध-पोहे, पातळ आमटीतला भात, कलिंगडाची फोड: चावत असतानाच पाणी सुटून पुढे घसरतं. गुरगुट्या भात किंवा आमटीत पूर्ण मुरलेली भाकरी त्यापेक्षा बरी. फुटाणे, चिवडा, कोरडी चटणी यांचे कण घशात मागे राहतात, विशेषतः तोंडाला कोरड असेल तर. ॲलर्जीच्या, लघवीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. आई घेतात त्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र विचारल्याशिवाय कुटून देऊ नका, काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात.

ठसका लागला की लगेच पाणी पाजू नका. खोकू द्या, खोकल्यानेच वाट मोकळी होते. रात्री दात आणि कवळी स्वच्छ हवीच, कारण नकळत फुप्फुसात गेलेल्या लाळेतले जंतू न्यूमोनिया करतात.

पाणी दाट करायची पावडर स्वतःहून सुरू करू नका, दाट पाणी आवडत नाही म्हणून माणसं पाणीच कमी पितात.

दर जेवणात ठसका, खाल्ल्यावर घोगरा-ओला आवाज, घास अडकणं, वजन उतरणं किंवा वारंवार छातीत कफ, यांपैकी काहीही असेल तर वयावर ढकलू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्टकडे न्या. गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ किंवा नाकातून दुर्बीण घालून केलेली तपासणी लागते, कारण काहींच्या श्वासनलिकेत पाणी जातं आणि खोकला येतच नाही. आणि त्रास एकाएकी, बोलणं अडखळून किंवा तोंड वाकडं होऊन सुरू झाला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.