साठ हजाराच्या क्लासआधी पप्पांच्या खानावळीची अ‍ॅड नीट लाव

तुझं पत्र वाचलं, पण खरं सांगू का, पत्रापेक्षा सोबतच्या स्क्रीनशॉटनेच जास्त सांगितलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात, ही मुलगी कोल्हापूरची, टीवाय बीकॉमला, घरची मटणाची खानावळ, अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. डिजिटल मार्केटिंगचा साठ हजाराचा क्लास लावायचाय, पप्पा म्हणतात चव असली की गिऱ्हाईक येतंय, आणि हिने स्वतः गुगलवर तीन हजाराची अ‍ॅड लावली तर ती बघून एक माणूस आला नाही. म्हणून विचारतेय, मला हे जमणारच नाही का, की क्लास केल्यावर जमेल.

जमेल गं, पण आधी कीवर्ड बघ तुझे, म्हणजे कुठल्या शब्दांवर अ‍ॅड दिसावी ते. 'हॉटेल कोल्हापूर', 'बेस्ट रेस्टॉरंट', 'कोल्हापुरी मटण', आणि तिन्ही ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या अर्थाचं काहीही शोधलं तरी अ‍ॅड दिसणार, कारण गुगल आपणहून तेच लावून देतं. आता सर्च टर्म्सचा रिपोर्ट वाच, म्हणजे लोकांनी खरंच काय टाइप केलं ती यादी. सगळ्यात वर काय, तर महालक्ष्मी मंदिराजवळ हॉटेल रूम्स! त्या माणसाला खोली पाहिजे होती, पांढरा रस्सा नको होता. आपण खाण्याच्या जागेला हॉटेल म्हणतो, बाहेरगावचा माणूस मोबाइलवर हॉटेल टाकतो ते राहायला. त्याखाली कोल्हापुरी मटण रेसिपी, मटण मसाला ऑनलाइन, आणि कोल्हापुरी थाळी पुणे. हे शेवटचं कुठून आलं, तर लोकेशनच्या सेटिंगमध्ये कोल्हापुरात असलेली माणसं आणि कोल्हापुरात नुसता इंटरेस्ट असलेली माणसं असं दोन्ही धरलेलं असतं, ते बदलून फक्त तिथं हजर असलेली माणसं कर, तुझ्या बजेटला तेवढंच परवडतं.

मग निगेटिव्ह कीवर्ड टाक, म्हणजे जे शब्द शोधले तर अ‍ॅड दिसू नये ते, रूम, लॉज, रेसिपी, मसाला, चप्पल, जॉब, पुणे, मुंबई. निगेटिव्हमध्ये एकवचन-अनेकवचन गुगल स्वतःहून धरत नाही म्हणून रूम टाकलंस तर रूम्स पण टाक, आणि देवनागरीत टाकलंस तर इंग्रजी अक्षरांत पण टाक कारण निम्मे लोक मराठी इंग्रजी अक्षरांतच बडवतात. आणि इथं एक गंमत आहे, तुमच्याकडं शाकाहारी थाळी नाही म्हणून 'व्हेज' निगेटिव्हला टाकलंस तर 'नॉन व्हेज' असं मध्ये जागा सोडून शोधणारा पण कापला जातो, म्हणजे नेमकं तुमचंच गिऱ्हाईक! तिथं 'प्युअर व्हेज' असा जोडशब्द टाकायचा, फ्रेज मॅचला, म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने आले तरच लागू होतो.

पैसे लावायचे ते भुकेल्या माणसाच्या शब्दांवर. 'मटण थाळी नियर मी', 'तांबडा पांढरा रस्सा कोल्हापूर', 'महालक्ष्मी मंदिराजवळ नॉनव्हेज', असे पाच-सहाच, फ्रेज मॅचला. त्याआधी गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल नीट भर, ते फुकट आहे, वेळ, फोन नंबर, थाळीचे फोटो, नाहीतर अ‍ॅडवरून आलेला माणूस मॅपवर 'बंद' बघून पुढे जायचा.

आणि जे कुठल्या क्लासचे सर सांगणार नाहीत ते तुला घरात बसून माहितीये. सोमवारी, गुरुवारी, एकादशीला मटणाचं काय होतं, आषाढाच्या शेवटी काय झुंबड असते आणि श्रावण लागला की गल्ल्यात काय उरतं. मग श्रावणात अ‍ॅड बंद, इतर दिवशी जेवायच्या वेळेआधी तासभर सुरू करायची, वेळापत्रकाची सोय आहेच तिथं. पुण्यातल्या एजन्सीतल्या पोराला हे कोण सांगणार?

हिशोब आता, बीकॉमवाली आहेस. दिवसाला 200 रुपये ठेवलेस तरी एखाद्या दिवशी गुगल दुप्पट खर्च करू शकतं, महिन्याचा मात्र दिवसाच्या रकमेच्या 30.4 पटीच्या वर जात नाही, म्हणजे 6,080, त्यावर 18 टक्के जीएसटी. खानावळ 5 टक्के जीएसटीत असेल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणजे साधारण 7,175 खिशातून गेले असंच धर. एका थाळीमागे पप्पांना किती सुटतात ते विचार, भाग दे, तेवढ्या थाळ्या जास्तीच्या खपायला हव्यात. आणि फोन करून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, कुठं बघितलं. महिनाभर वहीत लिही.

नोकरीचं म्हणशील तर गुगलची स्किलशॉप या त्यांच्याच शिकवणीच्या साइटवरची सर्च अ‍ॅडची परीक्षा फुकट आहे, 80 टक्के लागतात, सर्टिफिकेट वर्षभर चालतं, ते करून टाक. पण सर्टिफिकेट सगळेच दाखवतात. बोली लावणं, अ‍ॅड कुठं दाखवायची हे आता बरंचसं मशीनच करतं, परफॉर्मन्स मॅक्स हा गुगलचा तसला अ‍ॅडचा प्रकार 2021 पासून आहे, तेव्हा नुसती बटणं दाबता येणाऱ्याची किंमत कमीच होत जाणार. इंटरव्ह्यूला तू पहिल्या तीन हजारांचा स्क्रीनशॉट आणि नंतरची वही शेजारी शेजारी ठेवलीस तर बोलायला काहीतरी असेल. तोवर ओळखीच्या एखाद्या मिसळवाल्याचं किंवा लॉजवाल्याचं अकाउंट पण मिळतंय का बघ, लॉजवाल्याला तर तुझे निगेटिव्हच कीवर्ड म्हणून चालतील.

क्लासचं लगेच नाही म्हणत नाहीये मी. त्या सरांना जाऊन एवढंच विचार, तुमच्याकडं मुलं खऱ्या अकाउंटवर खरे पैसे लावून शिकतात का, आणि मागच्या बॅचच्या एकाचा सर्च टर्म्स रिपोर्ट बघायला मिळेल का. दाखवला तर फीचं पप्पांशी बोलू, हवं तर मी बोलते.