क्लाउडच्या एपीआयमध्ये ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये कसे मांडतात? सरळ जेसनमध्ये बदलून घेतले तर चालेल का?

बदलून घेऊ नका. चालतं, अगदी महिनोन् महिने चालतं, आणि एके दिवशी कुणाची तरी वस्तू कायमची पुसून जाते. तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य मी पणजीत पाटोवरच्या एका ऑफिसात आमच्या सिनियरच्या तोंडून जसंच्या तसं ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहितो. (एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली सोय; एक्सएमएल आणि जेसन या त्यात माहिती मांडायच्या दोन पद्धती.)

फोंड्याच्या एका फोटो स्टुडिओसाठी आम्ही बॅकअपची सिस्टीम करत होतो. लग्नाचे फोटो, फिल्मा, सगळं एस-थ्रीवर, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउड साठवणीवर, चढवायचं, आणि चढलं की स्टुडिओतल्या डिस्कवरून काढून जागा मोकळी करायची. काय चढलंय ते बघायला एस-थ्रीकडे यादी मागितली की उत्तर एक्सएमएलमध्ये येतं. सगळ्यात बाहेर लिस्ट-बकेट-रिझल्ट. त्याच्या नेमस्पेसमध्ये (एलिमेंटची नावं कुठल्या संचातली ते सांगणाऱ्या पत्त्यात) २००६-०३-०१ ही तारीख, म्हणजे सेवा सुरू झाली त्या महिन्यातली, अजून तशीच आहे. आत दर ऑब्जेक्टमागे, म्हणजे साठवलेल्या दर फाइलमागे, एक कंटेन्ट्स, आणि त्या कंटेन्ट्सच्या पोटात नाव (त्याला ते 'की' म्हणतात), शेवटचा बदल, इटॅग (मजकुराची ओळखखूण), बाइटमधला आकार, स्टोरेज क्लास (साठवणीचा प्रकार). झाला ऑब्जेक्ट. यात आकारसुद्धा अक्षरंच असतात, आकडा म्हणून वाचायचं काम तुमचं. वेळ यूटीसीत येते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

आता नीट बघा. तीनशे फोटो असले की कंटेन्ट्स तीनशे वेळा येतं, एकाखाली एक. त्यांना धरून ठेवणारी वेगळी टोपली नसते. एकच फाइल असली की कंटेन्ट्स एकदाच येतं. जेसनमध्ये चौकटी कंस बघून कळतं की ही यादी आहे, मग तीत एकच वस्तू का असेना. एक्सएमएलच्या नुसत्या मजकुरात ते कळायला जागा नाही. 'हे कितीही वेळा येऊ शकतं' हे स्कीमामध्ये, म्हणजे रचनेच्या वेगळ्या वर्णनात, लिहिलेलं असतं. सरसकट जेसन करून देणाऱ्या लायब्ररीने स्कीमा वाचलेलाच नसतो, ती अंदाज करते: दोन दिसले तर यादी, एक दिसला तर सुटा ऑब्जेक्ट.

सिनियरने तीच लायब्ररी लावली. मी कोड रिव्ह्यूमध्ये लिहिलं, एकच कंटेन्ट्स आला तर काय होईल? त्यांचं उत्तर अजून माझ्या मेलमध्ये आहे: "लग्नात एकच फोटो कोण काढतो?" आणि वर, चूक आली तर फोल्डर रिकामा समजायचा असा ट्राय-एक्सेप्ट (चूक पकडून पुढे जाणारा कोड) घालून ठेवला. पायथनमध्ये सुट्या ऑब्जेक्टवर लूप फिरवला की फाइल मिळत नाही, रकान्यांची नावं मिळतात. त्या नावातून 'की' काढायला गेलं की चूक येणारच, आणि आली की फोल्डर 'रिकामा'.

दर रात्री रिकामे फोल्डर साफ करायचं एक काम चालायचं. एस-थ्रीमध्ये फोल्डर नावाची खरी वस्तू नसते, नावातल्या तिरप्या रेघेमुळे तसं भासतं. त्यामुळे फोल्डर काढायचा म्हणजे त्या नावाने सुरू होणारं सगळं काढायचं. ते काम कमांड लाइनच्या तयार टूलला दिलं होतं. त्या टूलने तेच एक्सएमएल बरोबर वाचलं, फाइल सापडली, आणि सांगितल्याप्रमाणे काढून टाकली.

बाकीच्या गिऱ्हाइकांच्या फिल्मच्या फोल्डरमध्ये पूर्ण फिल्म आणि छोटा टीझर अशा दोन फायली असायच्या, म्हणून त्यांची यादी व्हायची आणि त्या बचावल्या. माशेलच्या एका घरच्यांनी टीझर नको म्हटलं होतं.

मे महिन्यातलं लग्न. चवथीला पाहुणे जमणार, सगळ्यांना फिल्म दाखवायची म्हणून घरच्यांनी स्टुडिओत फोन केला, तेव्हा कळलं. स्टुडिओवाल्यांनी मला फोनवर एवढंच म्हटलं, "तुमचें कोड म्हाका समजना. फिल्म खंय आसा तें सांग." मला सांगता आलं नाही. डिस्कवरून काढलेली, व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवायची सोय) चालू केलेलं नव्हतं, पहिल्या कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नांना वापरून झालेली. दुसऱ्या कॅमेऱ्याचं कच्चं शूटिंग एका जुन्या हार्डडिस्कवर सापडलं, त्यातून त्यांनी परत फिल्म जोडली. ती द्यायला मी त्यांच्याबरोबर माशेलला गेलो. नवरीच्या वडिलांनी आम्हाला ओरडून काही म्हटलं नाही. कन्यादान आहे ना त्यात, एवढंच विचारलं. होतं, पण त्या कॅमेऱ्यात आवाज नीट आला नव्हता.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये सिनियर म्हणाले, हा एक्सएमएलचा दोष, जुनाट फॉरमॅट आहे. मी त्या फोल्डरसाठी आलेला जुना रिस्पॉन्स लॉगमधून काढून स्क्रीनवर लावला. यादीच्या नव्या आवृत्तीत की-काउंट नावाचा एलिमेंट येतो. त्यात १ लिहिलेलं होतं. एक फाइल आहे असं सर्व्हर त्या रात्री स्पष्ट सांगत होता आणि आमचा कोड ते न वाचता शून्य धरत होता. एक्सएमएल १.० फेब्रुवारी १९९८ पासून आहे, जुनं आहेच. पण चूक आमची होती, आणि ती लेखी दाखवून दिली होती.

तर तुम्ही सेवेची अधिकृत लायब्ररी वापरा. पायथनच्या बोटो-थ्रीला सेवेचं वर्णन ठाऊक असतं, म्हणून फाइल एक असली तरी ती यादीच देते (एकही नसली तर कंटेन्ट्स हा रकानाच येत नाही, तेवढं तपासा). "छोट्या सर्व्हरला जड पडते" हे कारण मला कुणी सांगू नये. कच्चं एक्सएमएलच वाचायचं असेल तर पार्सरला नेमस्पेस द्या, नाहीतर एक्सपाथला (एक्सएमएलमध्ये शोधायच्या भाषेला) काहीच सापडत नाही आणि चूकही दिसत नाही. एका वेळी जास्तीत जास्त १००० ऑब्जेक्ट येतात, पुढे आहेत की नाही ते इज-ट्रंकेटेड सांगतं. मजकूर रेगेक्सने, म्हणजे अक्षरांचे नमुने जुळवून, फोडू नका. लग्नाच्या फोल्डरच्या नावात '&' हटकून असतो, आणि एक्सएमएलमध्ये तो '&' असा एस्केप होऊन येतो. मोठी फाइल तुकड्यांनी चढवताना शेवटच्या कॉलला २०० (म्हणजे 'सगळं ठीक') येऊनही आत एरर असू शकतो, म्हणून बॉडी, म्हणजे उत्तराचा मजकूर, वाचा. अशा फाइलचा इटॅग एमडी-फाइव्ह (मजकुरावरून काढलेला ठसा) समजून ताडूही नका.

आभासी सर्व्हर सांभाळणाऱ्या व्हीएमवेअरच्या व्हीक्लाउड एपीआयची तऱ्हा वेगळी आहे. तिथे ऑब्जेक्टवर नाव, आयडी, प्रकार आणि पत्ता हे अॅट्रिब्यूट म्हणून असतात, आणि आत लिंक एलिमेंट असतात: बदला, काढा, चालू करा. परवानगी नसेल तर ती लिंक येत नाही. वेळखाऊ कामाला टास्क नावाचा ऑब्जेक्ट परत मिळतो, तो होईपर्यंत विचारत राहायचं. पत्ते स्वतः जुळवू नका, लिंकमधला घ्या.

जेसनमध्ये बदलायचंच असेल, तर कुठला एलिमेंट नेहमी यादी धरायचा हे सांगायची सोय प्रचलित लायब्रऱ्यांत असते. आमच्या लायब्ररीतही होती, एका ओळीची. तुमची सेवा नवी असेल तर ती मुळातच जेसन देत असेल आणि यातलं बरंचसं तुम्हाला लागणार नाही. व्हर्जनिंग मात्र आजच चालू करा, एस-थ्रीमध्ये ते आपोआप चालू नसतं.