पिकअप कोणती, त्याआधी कोणाच्या नावावर?

इंदूरच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४१, शेव-चिवड्याचा घरचा कारखाना, घरात कमावणारे एकटे. माल धामणोदपर्यंत जातो. महिन्याला १५ फेऱ्या आणि भाड्याच्या पिकअपला फेरीमागे २,८०० रुपये. आता जुनी डिझेल पिकअप घेऊन स्वतःच चालवायची आहे. एक आहे २०१९ ची, बीएस-४ (धुराच्या नियमांचा जुना टप्पा; बीएस-६ नवा), १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली, कर्ज फिटलेली, साडेचार लाखांची. दुसरी २०२१ ची, बीएस-६, ७४ हजार किलोमीटरची. कोणती जास्त वर्षं टिकेल, एवढंच त्यांनी विचारलंय. दुसरीबद्दल जाता जाता लिहिलंय: "तिच्यावर कर्ज चालू आहे. मालकाला २ लाख २० हजार रोख द्यायचे आणि राहिलेले १३,५०० चे २९ हप्ते मी भरायचे. मग गाडी नावावर. तोवर बाँड पेपरवर लिहून घेतोय."

हे वाचल्यावर इंजिनाचा विषय मी बाजूला ठेवला. हा व्यवहार करू नका.

सहा लाखांच्या वर मोजून अडीच वर्षं तुमच्या हाती काय असेल? गाडीची किल्ली आणि एक बाँड पेपर. आरसीवर नाव मूळ मालकाचं, बोजा (कर्जाची नोंद) फायनान्स कंपनीचा. त्या कंपनीला तुम्ही कोण हे माहीतही नाही. माझ्याकडे आलेल्या एका भाजीवाल्याने असेच २२ हप्ते वेळेवर भरले होते. मूळ मालकाचं त्याच कंपनीत आणखी एक कर्ज थकलं आणि एका सकाळी वसुलीवाले टोमॅटोच्या क्रेटांसकट गाडी घेऊन गेले. हप्त्यांच्या पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून तो माझ्यासमोर बसला होता. सगळ्या पावत्यांवर नाव दुसऱ्याचं.

त्याहून मोठा धोका रस्त्यावर आहे. धामणोदच्या वाटेवरचा गणेश घाट तुम्हाला मी सांगायला नको, ब्रेक निकामी होऊन तिथे किती गाड्या आदळल्या आहेत. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघाती विमा मिळतो तो नोंदणीकृत मालकाला. तुम्ही मालकच नाही, तर तुमच्या घरच्यांनी तो मागायचा कशाच्या जोरावर? गाडीच्या नुकसानीचा दावाही याच कारणाने अडतो.

आणि त्या घरच्यांसाठी आज आहे काय? तुम्हीच लिहिलंय: वर्षाला ६० हजारांची पॉलिसी, सहा वर्षं भरलेली, विमा ७ लाखांचा, "मुलीच्या लग्नाला होईल." घरखर्च महिना ३५ हजार, म्हणजे वर्षाचे ४ लाख २० हजार. तुमच्या मागे ७ लाख दोन वर्षंसुद्धा पुरणार नाहीत. अशा पॉलिसीत परतावा ५ टक्क्यांच्या आसपास सुटतो आणि विमा नावापुरता राहतो. विकणाऱ्याने तुमचं वय, घरखर्च, मुलीचं शिक्षण, काही विचारलं होतं का? मला याचा फार राग येतो. तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल, तर १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला साधारण २०–२५ हजारांत मिळतो. आधी तो घ्या. तो हातात आला की ही पॉलिसी पेडअप करा, पुढचे हप्ते बंद.

"महिन्याला २३ हजार वाचतील" हा तुमचा हिशेब फक्त डिझेल वजा करून आलाय. भाडं ४२ हजार. १६० किलोमीटरच्या १५ फेऱ्या, लिटरला १२ धरले तर डिझेलचे साडेअठरा हजार. विमा, टॅक्स, फिटनेसचे महिन्याला तीन-सव्वातीन, टायर-सर्व्हिसिंग-दुरुस्तीचे साडेपाच, हप्ता साडेतेरा. उरतात बाराशे-पंधराशे. खरी बचत कर्ज फिटल्यावर, १४–१५ हजारांची.

म्हणून कर्ज लहान ठेवा. डीलर कर्जाला सांगतो ते "९ टक्के" फ्लॅट आहे, म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर. तीन वर्षांसाठी ते घटत्या शिलकीवर १६ च्या वर जातं. त्यापेक्षा, सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडली तर मिळणारी रक्कम) २ लाख ४० हजार आहे म्हणता, तर पॉलिसीवरच २ लाख कर्ज काढा. दर साधारण १० टक्के. हाताशी २ लाख २० हजार आहेतच. झाले ४ लाख २०. तोच साडेतेरा हजारांचा हप्ता १६ महिन्यांत सगळं फेडतो. पॉलिसीच्या हप्त्यातून वाचलेले ३५–४० हजार दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा.

आता तुमचा प्रश्न. २०१९ ची घ्या. बीएस-६ गाड्या वाईट नाहीत. त्यांचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) गल्लीबोळातल्या छोट्या फेऱ्यांनी तुंबतो, तुमच्यासारख्या लांब हायवेवर तो साचलेली काजळी जाळून मोकळा होतो. पण बिघडला तर खर्च मोठा, आणि ७४ हजार हा आकडा सर्व्हिस रेकॉर्डशी ताडल्याशिवाय मी मानणार नाही. पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर कोवळा, असं जुन्या बाजारात रोज दिसतं. २०१९ च्या गाडीला २०२७ मध्ये ८ वर्षं होतील, पुढे फिटनेस तपासणी दर वर्षी, तेवढं धरून चाला.

किलोमीटरपेक्षा आधी काय वाहिलं ते बघा. शेव-चिवडा जागा खातो, वजन नाही, त्यामुळे तुमच्याकडे ती हलकीच चालेल. आधी रेती-गिट्टी वाहिली असेल तर स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पट्टी दिसेल, चेसिसवर वेल्डिंग दिसेल. तशी असली तर सोडून द्या. सकाळी न सांगता जा, इंजिन हाताला थंड लागलं पाहिजे, मग स्टार्ट करायला सांगा. निळा धूर थांबत नसेल, किंवा इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडल्यावर धुराचे झोत येत असतील, तर इंजिन उघडावं लागेल. ब्रेक तुमच्या मिस्त्रीकडून माल भरून, उतारावर तपासून घ्या.

भाव ४ लाखांवर आणा, वरचे २० हजार ब्रेक आणि क्लचला लागतील. आरसीवरचा बोजा उतरलेला बघा, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच पैसे द्या, तेही बँकेतून. हस्तांतर झालं की १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवा. तोवर घाटात भाड्याचीच गाडी पाठवा.