बेसबॉलमध्ये पिचरला सात-आठ वर्षांचा महागडा करार देणं क्लबला खरंच परवडतं का?

स्ट्रासबर्ग या पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, दाखला देऊन कुणीतरी ‘पिचरला लांबचा करार म्हणजे पैसे पाण्यात ना?’ असं विचारलंय. म्हणजे निकाल आधी लावला, प्रश्न मागाहून टाकला. मग त्याचाच करार नीट बघू.

डिसेंबर 2019. वॉशिंग्टन नॅशनल्स क्लबने नुकतीच वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम लढत) जिंकलेली आणि स्टीफन स्ट्रासबर्ग तिचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. जुन्या करारातली चार वर्षं आणि 10 कोटी डॉलर बाकी होते, पण मध्येच बाहेर पडायची मुभा त्यातच लिहिलेली होती. ती वापरून त्याने त्याच क्लबकडून सात वर्षांचे 24.5 कोटी मिळवले. त्यानंतर 2020 मध्ये दोन सामने, 2021 मध्ये पाच, 2022 मध्ये एक. सगळ्या मिळून 31 इनिंग आणि वर एक आउट (तीन बॅटर आउट केले की पिचरची एक इनिंग). 2024 मध्ये निवृत्ती. करार हमीचा, त्यामुळे मैदानात उतरा नाहीतर घरी बसा, पैसे पूर्ण. इनिंगला साधारण 78 लाख डॉलर पडले.

पण याला निव्वळ दुर्दैव म्हणणं मला पटत नाही. 2010 मध्येच त्याच्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया (लिगामेंट नवा बसवण्याची) झालेली होती. 2012 मध्ये हात जपायचा म्हणून याच क्लबने त्याला 159 इनिंगनंतर, ऐन प्लेऑफच्या तोंडावर, बसवून ठेवलं. आणि 2019 मध्ये? नियमित हंगामात 209 इनिंग, वर प्लेऑफच्या 36. वय 31. कराराच्या पहिल्याच वर्षी हाताच्या नसेचं दुखणं, दुसऱ्या वर्षी थोरॅसिक आउटलेट. यात गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीत नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्याची एक बरगडी आणि मानेचे दोन स्नायू काढावे लागले. कोपराचा लिगामेंट नवा बसवता येतो, बारा ते अठरा महिन्यांत बहुतेक पिचर परततात. या दुखण्यातून पूर्वीसारखं परतण्याची खात्री मात्र कमी.

आता तोच क्लब, तीच सात वर्षं, पण पिचर मॅक्स शर्झर. जानेवारी 2015 मध्ये 21 कोटी. तेव्हा वय 30, पण 2009 ते 2014 दरवर्षी किमान 30 सामन्यांत सुरुवात केलेली, हातावर मोठी शस्त्रक्रिया नाही. 2016 आणि 2017 चा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), 2018 मध्ये 300 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), 2019 ची वर्ल्ड सिरीज. 2021 मध्ये त्याला डॉजर्स क्लबला देतानाही बदल्यात तरणे खेळाडू मिळाले. 21 कोटींतले निम्मे पैसे 2028 पर्यंत हप्त्याने द्यायचे ठरलेले, तेही बिनव्याजी. पिचरवर केलेला याहून चोख सौदा मला तरी आठवत नाही.

तेव्हा एकूण आकडा बघून डोळे पांढरे करू नका. पहिल्या चार वर्षांत पिचरकडून किती खेळ मिळेल तेवढंच मोजा; उरलेली वर्षं बहुतेक वेळा नुसता हप्ता असतो. मग ती देतात कशाला? लक्झरी टॅक्स, म्हणजे खेळाडूंवरचा खर्च ठराविक मर्यादेपलीकडे गेला की क्लबला बसणारा कर, कराराच्या वार्षिक सरासरीवर लागतो. 21 कोटी पाच वर्षांत दिले तर वर्षाला 4.2 कोटी धरले जातात, सात वर्षांत दिले तर 3 कोटी. सही करण्याआधी मागच्या तीन हंगामांच्या इनिंग आणि फास्टबॉलचा वेग बघा. दुखणं कोपराचं आहे की खांद्याचं, तेही बघा. खांद्याचं असेल तर मी तीन वर्षांच्या वर जाणार नाही. आणि मैदान बघा. पिचर माइक हॅम्प्टनला डेन्व्हरच्या कोलोरॅडो क्लबने आठ वर्षांचे 12.1 कोटी दिले. तिथल्या विरळ हवेत चेंडू वळेना, दोन हंगामांत ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा; कमी तितका चांगला) 5.41 आणि 6.15. (2001 मध्ये स्वतः बॅटिंगला येऊन षटकारासारखे सात होम रन मात्र मारले पठ्ठ्याने!)

माझ्या मेहुण्याचं पालुपद असतं, ‘पिचर मोडतात, पैसा बॅटरला द्या.’ त्याच्यासाठी खास: नॅशनल्सचे मालक तेव्हा म्हणाले होते की स्ट्रासबर्ग आणि बॅटर अँथनी रेंडन यांच्यापैकी एकच परवडेल. रेंडन एंजल्स क्लबकडे गेला. तोही सात वर्षांसाठी, तोही 24.5 कोटींना, त्याच आठवड्यात. तिथे एकाही हंगामात तो 58 च्या वर सामने खेळला नाही, 2025 मध्ये तर एकही नाही. बोला आता!

एक राहिलंच: हे सगळं खिसा खोल असलेल्या क्लबांपुरतं. टँपा बेसारख्या कमी पैशाच्या क्लबांनी असला एक करार चुकवला तर चार-पाच वर्षं हात बांधले जातात. आणि डॉजर्सचा जपानी पिचर यामामोटो, त्याचा हिशोब यात धरू नका. बारा वर्षांचे 32.5 कोटी डोळे दिपवतात खरे, पण सही केली तेव्हा तो 25 वर्षांचा होता. अमेरिकी पिचर मोकळ्या बाजारात येईपर्यंत सहसा 28-30 चा झालेला असतो. 2025 च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी तो झालाच, पण त्याच्या कराराची तेव्हा अजून दहा वर्षं बाकी होती.